माळगल्लीत पाणी भरपूर हाय

आत्याच्या गल्लीत पाणी पुरत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. सुट्टीत तिच्याकडं राहायला गेलं की पहाटे मोटरींच्या घरघरीनं जाग यायची. नळालाच मोटर जोडून गल्लीतली जवळजवळ प्रत्येक बाई पाणी ओढायची. ज्या घरची मोटर दमदार त्या घराला पाणी, बाकीच्यांच्या नळातून नुसती हवा. पाणी गेलं की उरलेल्या बाया घागरी घेऊन खाली उतरायच्या.

माझी आई यावर फारसं बोलायची नाही. पण आत्याच्या मुलाचा आणि माझा विषय कुणी थट्टेतही काढला, तर लगेच म्हणायची, "माळावर नको बाई. घागरी वाहून माझी नणंद वाकली." मामाची मुलगी करून घ्यायची रीत आमच्याकडं अजून पुरती गेलेली नाही, त्यामुळं ती थट्टा निव्वळ थट्टा नसायची. मी पुस्तकात डोकं घालून बसायचे.

आता मी कोल्हापुरात एका खासगी कार्यालयात नोकरी करते. आम्ही गावांचे पाणी आराखडे करतो. पुढच्या बऱ्याच वर्षांत गावाला किती पाणी लागेल, ते नदीवर कुठून उचलायचं, कुठं साठवायचं आणि कोणत्या गल्लीपर्यंत कसं न्यायचं, हे सगळं त्यात येतं. आत्याचं गाव माझ्या वाट्याला आलं तेव्हा मी सरांना म्हटलं, तिथं माझे नातेवाईक आहेत, दुसऱ्या कुणाला द्या. सर म्हणाले, "चांगलंच आहे की. चहा तरी मिळेल."

गाव कागलच्या बाजूला आहे. खालची निम्मी वस्ती नदीकडं उतरलेली, हायवेच्या अंगाला नवे प्लॉट पडलेले, आणि वर माळावर एक लांबलचक गल्ली. तीच माळगल्ली. पाण्याची टाकी खाली, ग्रामपंचायतीशेजारी. तिथून पाणी वर चढता चढता त्याचा जोर संपतो. नव्या आराखड्यात एकच टाकी बसणार होती. ती हायवेकडच्या प्लॉटात बांधायची की माळगल्लीच्या वरच्या गायरानात, एवढाच खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर गावानंच द्यायचं होतं.

त्यासाठी आम्ही आधी बायकांची सभा घेतो. शाळेच्या पटांगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढायचा, आणि मग ज्या गल्लीला पाणी पुरतं तिथं त्या गल्लीच्या बायकांनी निळी रांगोळी भरायची, जिथं पुरत नाही तिथं तांबडी. बायका आधी लाजतात, मग वाटी हातात आली की भांडायला लागतात. त्या दिवशीही तसंच झालं. खालच्या गल्लीतल्या एकीनं मला धारेवर धरलं.

"माणशी पाणी धरलंय म्हणताय. आणि म्हशी? म्हशी काय थम्सअप पित्यात व्हय?"

"जनावरांचंही धरलंय, मावशी."

"लिवा बघू मग. आमच्या दोन हायत. आणि एक गाभण."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि नेमकं तेव्हाच आत्यानं माझ्यासमोरची निळ्या रांगोळीची वाटी उचलली. ती उकिडवी बसली, पदर खोचला आणि माळगल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळी भरत गेली. तिचा हात रांगोळीला पहिल्यापासून चांगला आहे. एक कण रेघेबाहेर गेला नाही.

मी हळूच म्हटलं, "आत्या, तांबडी वाटी ही आहे."

"ठावं हाय," ती वर न बघता म्हणाली. "माळगल्लीत पाणी भरपूर हाय की."

मी गल्लीतल्या बाकीच्या बायकांकडं पाहिलं. एक बांगड्या मागंपुढं करत होती. दुसरी म्हणाली, "व्हय, व्हय. काय कमी न्हाय." आत्याच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, शिवणकाम करणारी एक विधवा बाई आहे. सगळी गल्ली तिला चाची म्हणते. ती मात्र उठून घरी गेली.

संध्याकाळी आत्याकडं चहा घेताना उलगडा झाला. तिच्या मुलासाठी गारगोटीकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगी शिकलेली होती. मुलीचे मामा-मामी याच गावात खालच्या गल्लीत राहतात, आणि मामी त्या सभेत माझ्यापासून दोन हातांवर बसली होती. हल्ली मुलीकडची माणसं शेत किती हे नंतर विचारतात, नळाला पाणी किती वेळ येतं हे आधी. या कारणावरून माळगल्लीतल्या एका मुलाचं ठरत आलेलं लग्न फिसकटलं होतं. तेव्हापासून गल्लीनं न बोलताच ठरवलं होतं, की पाहुण्यासमोर पाणी कमी म्हणायचं नाही. प्रत्येकीच्या घरात कुणी ना कुणी लग्नाचं होतंच.

"अगं, पण टाकी?" मी म्हटलं. "गल्ली निळी राहिली तर टाकी हायवेकडं जाईल. मग पुढची कितीतरी वर्षं इकडं कुणी बघणार नाही."

"टाकी मागनं बी ईल. पोरगी येईल का मागनं?"

आत्याचा मुलगा कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे. तो नुकताच ड्युटीवरून आला होता आणि दारातच बूट काढत होता. म्हणाला, "आधी एक ठरवा. मला बायको बघायलाय का नळ?"

"तू गप," आत्या म्हणाली. समोरच्या घरातल्या आजीनं ओट्यावरूनच आवाज दिला, "मामाची पोरगी दारात बसलीया की. कशाला गाव धुंडाळताय?"

"इंग्रजी शाळेतली हाय ती," आत्या म्हणाली. "तिला घागर उचलंल व्हय?"

चहा गरम होता तरी मी तो घाईघाईनं संपवला. तिच्या बोलण्यात राग होता की नुसतीच चेष्टा, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि परत जाताना बसमध्येही कळेना. गारगोटीकडच्या त्या मुलीला मी ओळखत नव्हते, पण तिच्या आईनं काय विचारलं असेल ते मला शब्दन् शब्द ठाऊक होतं. माझ्या आईनंही तेच विचारलं असतं. खरं तर तिनं न विचारताच उत्तर देऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, की नकाशातली एक गल्ली चुकीची आहे. आत्याचं, स्थळाचं मी काहीच बोलले नाही. सर म्हणाले, "लोकांनी निळं भरलंय तर आपण निळं लिहायचं. आराखडा त्यांचा आहे. फारच वाटत असेल तर पहाटे जाऊन नळाचं पाणी मोजून ये. ग्रामसभेत आकडा वाचून दाखव. पुढं ते बघतील."

म्हणून मी पहाटे गेले. एका टोकापासून सुरुवात केली. नळाखाली बादली ठेवायची, मोटर बंद करायला सांगायचं आणि भरायला किती वेळ लागतो ते बघायचं. मोटर बंद केल्यावर बऱ्याच नळांची धार करंगळीपेक्षा बारीक व्हायची. काही नळांना धारच नव्हती. बायका कसनुसं हसत बाजूला उभ्या राहायच्या. आत्याच्या दारात पोचले तेव्हा ती उंबऱ्यात उभी होती.

"माझ्याच घरात चोरी पकडायला आलीस व्हय?"

"सगळ्यांचंच मोजतेय, आत्या."

"मोज. मोज की. उद्या वाचून दाखव माईकवर. त्यांचा मामा पुढच्याच खुर्चीवर बसतोय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या पोराचं वय बघ जरा. त्याच्या बरोबरच्यांची पोरं शाळेत जायला लागली."

मी बादली उचलली. तिच्या नळाचं मोजलंच नाही. तसं करणं बरोबर होतं का, मला माहीत नाही. बसथांब्यापर्यंत चालत येताना मी दोनदा परत फिरायचा विचार केला.

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात होती. मला माईकवर बोलायची सवय नाही. शाळेत इंग्रजीतलं भाषण पाठ करून म्हणता यायचं, कारण त्यातलं काहीच आपलं नसायचं. इथं समोर आत्या बसली होती, बायकांच्या बाजूला, डोक्यावर पदर घेऊन. आणि ती म्हणाली होती तसंच, मुलीचे मामा पहिल्या रांगेत, मांडीवर टोपी.

खालच्या गल्ल्यांचं वाचून झालं. प्लॉटांचं झालं. हायवेकडचे लोक टाळ्या वाजवायला टपूनच बसले होते. मग मी म्हणाले, "माळगल्ली. नकाशात पाणी पुरेसं दाखवलंय. पण मोजल्यावर..." आणि थांबले. पुढचं वाक्य कागदावर होतं, पण तोंडातून येईना.

"मोजल्यावर काय?" कुणीतरी मागून ओरडलं.

आत्या उठली. "मोजल्यावर काय न्हाय. भरपूर हाय. पुढचं वाचा मॅडम."

तिनं मला मॅडम म्हटलं. मंडपात जरा हशा झाला. तेवढ्यात बायकांच्या मागच्या रांगेतून चाची उभी राहिली.

"वैनी, तुम्ही खाली बसा. मी सांगतो. माझी पोरगी दिलीया आणि पोरगा मला न्हाय. मला कुणाची सून आणायची न्हाय. तवा मला खोटं बोलायला काय कारण न्हाय." ती सरपंचांकडं वळली. "पाणी न्हाय. माझ्या नळाला मोटर न्हाय म्हणून थेंब बी न्हाय. ह्या समद्यांच्याकडचं उरलं तर मला. आणि ह्यांच्यातच उरत न्हाय."

मग गल्लीतली दुसरी एक बाई बसल्या जागेवरून म्हणाली, "खरं हाय." तिच्या शेजारची म्हणाली, "चाची बोलली म्हणूनच सांगतो. पोरांच्या आंघोळी दोन दिवसांआड हायत." आत्या अजून उभीच होती. तिचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी कागदाकडं बघत राहिले.

आणि तेव्हा मुलीचे मामा उठले. आत्याकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "अवो वैनी, कुणापास्नं लपिवताय? पूर आला तवा आमचं अख्खं घर तुमच्याच गल्लीत हुतं की शाळेच्या खोलीत. खाली गळ्याएवढं पाणी आणि वर प्यायला न्हाय. तुमच्याच घागरीतलं पिलोय आम्ही."

एवढा हशा पिकला, की सरपंचांना टेबलावर हात आपटावा लागला. मी हसू शकले नाही. आत्या खाली बसली. म्हणजे तिनं एवढे दिवस जपलेली गोष्ट ज्याच्यापासून जपली, त्याला ती तिच्याच घागरीतलं पाणी पिताना कधीचीच कळली होती.

त्यानंतरचं काम पटापट झालं. पुरात खालची माणसं वर येतात, तेव्हा टाकी वरच हवी, हा मुद्दा मामांनीच लावून धरला. हायवेवाले थोडे चिडले, पण हात वर झाले ते गायरानासाठी. मी तसं आराखड्यात लिहिलं. माझ्या नोकरीच्या दृष्टीनं गोष्ट तिथं संपली.

आत्या मात्र सभा संपल्यावर माझ्याशी न बोलता निघून गेली. मी तिच्या घरी गेले नाही. आईला काय सांगावं हेही कळेना. मी एवढंच म्हटलं की सभा झाली.

आठवड्याभरानं आत्याचाच फोन आला. मामांकडून निरोप आला होता. मुलगी तयार होती, तिला मुलगा पसंत होता. तिचे वडील मात्र म्हणत होते, गायरानात टाकीचं काम सुरू झालं, की बैठकीला येतो. तोवर दुसरीकडं बघत नाही, पण फार दिवस थांबतही नाही.

"मग कवा सुरू होणार?" आत्यानं विचारलं. पहिल्यांदाच तिनं मला माझ्या कामाबद्दल विचारलं होतं.

मी तिला सांगितलं, की आराखडा आता वरच्या कार्यालयात गेलाय. तिथं तपासणी, मग तांत्रिक मंजुरी, मग निविदा. बोलता बोलता माझा आवाज बारीक होत गेला.

"तू ये की रविवारी," ती म्हणाली. "टेप घेऊन गायरानात उभी ऱ्हा जरा. माझा पोरगा धरंल दुसरं टोक. मामा वाटेवरनं बघंल तरी, काम चाललंय म्हणून."

"मंजुरीशिवाय तसं करता येत नाही, आत्या."

ती म्हणाली, "तुझ्या आईवर गेलीस अगदी," आणि फोन ठेवला. मी तो फोन हातात धरून कितीतरी वेळ खिडकीपाशी उभी होते. उलट फोन करावा असं वाटत होतं आणि करवतही नव्हतं. एक रविवार गायरानात उभं राहायला माझं काय जात होतं? पण मग मंजुरी मिळाली का, असं त्या मुलीच्या वडिलांनी विचारलं असतं, आणि मी काय सांगितलं असतं?

दुसऱ्या दिवशी कामावर असताना तिचा परत फोन आला. आदल्या दिवशीचं तिनं काहीच काढलं नाही.

"कागद कुणाच्या टेबलावर अडलाय तेवढं सांग. मी जाऊन बसतो त्याच्या दारात. चाचीला बी घेऊन जातो."

"तिथं जाऊन काय सांगणार?"

"काय म्हणजे? पाणी न्हाय म्हणून सांगतो," ती म्हणाली, जणू ती हे आयुष्यभर सांगत आली होती.

मी तिला कोणता मजला आणि कोणतं टेबल ते सांगितलं. सोमवारी जा म्हटलं. सोमवारी त्या टेबलावरचे साहेब जागेवर असतात की नाही, हे मला माहीत नव्हतं. ते विचारायला मी लगेच त्या कार्यालयात फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. मी परत लावला.