मामाचे दात, सॅक्सोफोन आणि आठ ठोके

"सोमवारी मामाचे पुढचे दात काढणार," मामी फोनवर म्हणाली आणि मी लगेच कॅलेंडर उघडलं. दातांचं काय एवढं? अहो, वरचे दात टेकल्याशिवाय सॅक्सोफोन वाजवायची मामाला सवयच नाही! माझा मामा मुरबाडकडच्या लग्नांत बँड वाजवायचा. तरुणपणी मुंबईत एका गोव्याच्या मास्तराकडून जॅझ शिकून आलेला. मी घरी लॅपटॉपवर हाउस म्युझिक करते. मामाचं जॅझ माझ्या हाउसमध्ये मिसळायचं, हे तीन वर्षं नुसतंच बोलत होते. आता हातात एकच शनिवार उरला होता.

ठाण्याहून सकाळी सहाला गाडी काढली. शहापूरला मिसळ खाऊन घ्या, ऐंशी रुपयांत पोट भरतं. पुढे किन्हवलीवरून सरळगावचा रस्ता. खड्डे आहेत, पण घाई कोणाला? भात कापून झालेल्या शेतांत वाल हिरवागार उभा होता. लहानपणी मे महिन्यात याच रस्त्याने लग्नांना यायचो. वरातीत पुढे मामा, शेजारी ढोलवाला बाळूकाका, मागे नाचणारी आम्ही पोरं. काय दिवस होते ते! आता दारोदारी डीजे.

"आलीस गो? घे पटकन काय ते, दात हलतात," मामा ओट्यावरूनच ओरडला. मामीने आधी तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी खायला लावली, मगच लॅपटॉप उघडू दिला.

नवख्यांसाठी सांगते. हाउसमध्ये मिनिटाला साधारण एकशेवीस ठोके, धप-धप-धप-धप, एका चालीत. जॅझवाला त्या ठोक्यामागे जरा रेंगाळतो. त्याला ओढून ठोक्यावर बसवलं की मजा गेलीच. मी मात्र तेच केलं. हेडफोन लावून मामाला माझ्या ठोक्यावर वाजवायला लावलं. मिनिटभरात त्याने हेडफोन काढून ठेवला.

"ह्यो दमच खात नाय गो! मी आपला एकटाच वाजवतो, तू मागनं काय लावायचं ते लाव."

मी त्याच्या सदऱ्याला छोटा माइक अडकवला. मामा डोळे मिटून अंगणात चालत वाजवू लागला, देवळापासून मांडवापर्यंतची अख्खी वरात. अगदी तोच सूर, मी फ्रॉकमध्ये नाचले होते तो! मध्येच त्याने वाजवणं थांबवलं, चालत मात्र राहिला; जरा वेळाने सूर पुन्हा उचलला. दात दुखला असेल, असं मला वाटलं.

तो चहा पीत होता तेवढ्यात मी ती रिकामी जागा कापली, दोन्ही टोकं जोडली, खाली ठोका लावला आणि ऐटीत स्पीकरवर ऐकवलं. मामाचा पाय ठेका धरू लागला. मग एकदम थांबला.

"बंद कर. बाळूच्या दारात वाजवलंस तू."

मला काही कळेना. मामीने हळूच सांगितलं, "बाळूभावजी पावसाळ्यात गेले. माहीत नाय तुला?" मग लख्ख आठवलं. ज्या घरात माणूस गेलेलं असतं, त्याच्या दारावरून आमच्याकडे बँड मुक्याने जातो. आम्ही पोरंही तिथे नाचायचं थांबायचो. मामाच्या मिटल्या डोळ्यांपुढच्या वरातीत बाळूकाकाचं दार आलं होतं. कशी विसरले मी? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कापलेला तुकडा परत जोडला. मोजला तर बरोबर आठ ठोक्यांचा. खालून माझा ठोका चालूच होता.

"ढोल पण थांबव," मामा म्हणाला. "ढोल तर त्याचाच व्हता."

थांबवला. हाउसमध्ये ठोका असा थांबवून पुन्हा आणतात, तेव्हा लोक नाचून वेडे होतात. शंभरदा केलंय मी ते. त्या दिवशी मात्र परत आलेला ठोका ऐकून आम्ही तिघंही रडलो.

घरी येऊन चार दिवस मिक्सिंग केलं. त्या आठ ठोक्यांत मामाच्या चपला ऐकू येतात, मातीवरून चालणाऱ्या. त्या मी तशाच ठेवल्यात. गाणं पाठवलं त्या संध्याकाळी मामाचा फोन आला. दात गेलेले, शब्द निसटत होते.

"आता माझ्याच्यानं काय वाजायचं नाय गो," तो म्हणाला. "पण बाळूच्या दारात बरोबर थांबलीस."