पाचशे बाटल्या आणि चिमटाताई

टिश्यू कल्चरच्या खोलीत सव्वीस वर्षं चिमटा धरून बसली, म्हणून तिचं नाव पडलं चिमटाताई. गव्हाच्या कोवळ्या दाण्यातला गर्भ काढायचा, बाटलीतल्या अगाराच्या जेलीवर ठेवायचा, त्याचा गोळा झाला की कोंबाची वाट बघायची. वाट बघता बघता तिला कळलं, जुन्या उंच वाणाला हटकून कोंब येतात, नव्या बुटक्याला मेले येतच नाहीत. मग तिने उंच आई, बुटका बाप असा संकर केला. पोरं आजोळावर गेली, भराभर फुटली.

"गुण बाटलीत नाही, रक्तात आहे," ती खोलीच्या प्रमुख डॉक्टरांना म्हणाली.

"ताई, तुम्ही बाटल्या धुवा. ही माझ्या माध्यमाची करामत." माध्यम म्हणजे अगारात घातलेलं त्यांचं क्षार-साखरेचं मिश्रण. संकर-बिंकर किरकोळ म्हणून गाळून त्यांनी तिच्याच कोंबांचे फोटो बुटक्याचे म्हणून शोधनिबंधात स्वतःच्या नावाने छापले. तिचं नाव आभारातसुद्धा नाही.

"वहिनी, एकदा मोकळी रडून घे," घरी नणंद म्हणाली.

"रडेल तो. मी बसलेय दबा धरून."

तीन वर्षांनी डॉक्टरांच्या बढतीसाठी समिती यायची ठरली. समितीला शुद्ध बुटक्याचेच कोंब बघायचे होते.

"पाचशे बाटल्या लावा. माझ्या माध्यमात दगडालाही कोंब फुटेल!"

"लावते की," ताई गोड हसली. एक गर्भ वाकडा ठेवला नाही, एका बाटलीत बुरशी शिरू दिली नाही. उद्या कुणी म्हणायला नको, बाईने मुद्दाम बिघडवलं. शेजारच्या फळीवर मात्र तिने संकराच्या बारा बाटल्या गुपचूप लावल्या.

समिती आली. पाचशे गोळे पिवळट, चिकट, ढिम्म. हिरवा ठिपका म्हणून नाही.

"कोंब कुठायत?" समितीच्या बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी ताईकडे बोट केलं. "हिनेच घोळ घातला!"

"हो का? मग ह्या बघा." ताईने बारा बाटल्या पुढे मांडल्या. हिरव्यागार, कोंब बुचाला टेकलेले. "तेच माध्यम, तोच हात, तीच तारीख. आई तेवढी वेगळी."

बाईंनी बाटली उजेडात धरली, छापलेला फोटो शेजारी धरला. "हा संकर कुणी केला?"

डॉक्टर घाम पुसत पुटपुटले, "यांनी."

"मोठ्यांदा बोला हो," ताई म्हणाली. "या एसीच्या घरघरीत काही ऐकू येत नाही."