रोशनीची नदी

काल चिखलोलीच्या घरी लेकीने टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि त्या उग्र वासाबरोबर मला उल्हासनगरचा आमचा चित्रकलेचा वर्ग आठवला.

आम्ही सगळ्यांनी मांजर्लीला जाऊन नदीची चित्रं काढली होती. मी उल्हास नदी जशीच्या तशी उतरवली होती, अगदी काठावरच्या बाभळीसकट. शेजारी माझी मैत्रीण रोशनी बसायची, उल्हासनगरची सिंधी मुलगी. तिच्या चित्रात तीच नदी समुद्रासारखी पसरली होती आणि पिवळट पाण्यावरून, माशाच्या पाठीवर बसून, पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा येत होता.

“हा कुठे दिसला तुला?” मी विचारलं.

“दादाजी सांगतात ना. हा आमचा नदीचा देव. सिंधमध्ये त्यांची नदी अशीच होती. मैंने कहाँ देखी है?”

सर माझं चित्र पाहून “पाणी छान जमलंय” म्हणाले आणि तिच्या चित्रापुढे कितीतरी वेळ उभे राहिले. मी माझं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

संध्याकाळी अंबरनाथला घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, “आपल्या कोकणातल्या नदीची काही गोष्ट नाही का हो?”

बाबा नुकतेच कारखान्यातून आले होते. बशीत चहा ओतत म्हणाले, “गोष्ट कशाला हवी? मे महिन्यात जातोच की आपण तिकडे.”

मी तणतणत उठून गेले.

रोशनीच्या दादाजींना तसं कधीच जाता येणार नव्हतं, हे आज कळतं. कळतं, तरी तिचं चित्र कुठे छापून आलं की मी ते पान अजूनही पटकन उलटते.