केळीतली सरळ रेघ

वादळानंतरच्या सकाळी सावद्याच्या माझ्या मळ्याच्या बांधावर एक अनोळखी माणूस उभा होता. मान खांद्यावर टाकून तो केळीकडे टक लावून पाहत होता. व्यापाऱ्याचा माणूस असणार, नुकसान हेरून भाव पाडायला आलेला.

"काय चोरायचं आहे, भाऊ?" म्हणत मी विळा घेऊन आत निघालो.

"आबा, थांबा," तो धुळ्याकडच्या बोलीत म्हणाला. "वाऱ्यानं बठ्ठी केळ, सगळीच्या सगळी, कललेली शे. माझ्यासारखी मान वाकडी करा. केळ सरळ दिसेल, अन् मधली काळी रेघ तिरपी. ती तार शे."

मी मान वाकडी केली. विजेची तुटलेली तार खाली साचलेल्या पाण्यापर्यंत लोंबत होती. पहाटे मी तिच्या शेजारून दोनदा गेलो होतो.

हे त्याला सांगितलं नाही. व्यापाऱ्याचा माणूस नसेलच, असं कशावरून?