सावलीतले काम

कचरू ओव्हाळ तुरुंगात शिपाई होते. कैद्यांविषयीची कणव ते कामाच्या वाटपातून व्यक्त करीत. मर्जीतल्या कैद्यांना शेतातल्या उन्हातून काढून ते शेडमध्ये सिमेंटचे पत्रे कापायला बसवीत. तिथे सावली होती, बोलायची मुभा होती. त्या धुळीतले अ‍ॅस्बेस्टॉस फुप्फुसे पोखरते, हे कचरूंनाही कोणी सांगितले नव्हते.

निवृत्तीनंतर ते धायरीत, आयटी कंपनीत असलेल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये राहू लागले. तिथे एकदा वकील नम्रता तुरुंगातल्या जुन्या शिपायांकडे चौकशी करत आल्या. सोबत सुटलेला कैदी संजय होता, जिना चढून धापा टाकणारा. त्याच्या भरपाईच्या दाव्यावर तुरुंगाचे उत्तर असे होते की, ते काम त्याने स्वतः मागून घेतले.

"नेमणूक कोणी केली ते कळलं तर दावा टिकेल," नम्रता म्हणाल्या. "पण हे नावच सांगत नाहीत."

"आठवत नाही," संजय म्हणाला. मग कचरूंच्या पत्नीकडे वळला. "वहिनी, तिथं माणसासारखं वागवलं ते साहेबांनीच."

"मग पाणी तरी विचारा, अहो," कांताबाई नवऱ्याला म्हणाल्या.

कचरू जागचे हलले नाहीत. आरोप त्यांना सोसला असता. ही कृतज्ञता सोसवेना.

"मॅडम, माझं नाव घाला," ते म्हणाले. "त्यानं मागितलं नव्हतं, मी बसवलं. माझ्या मर्जीतले आणखीही होते. त्यांनाही शोधा."