दुपट्यांसाठी जपलेलं बोचकं

घटस्फोटानंतर मी राजधानीत, द्वारकाला आईच्या फ्लॅटवर परत आले आणि पहिल्याच आठवड्यात पंचिंग बॅग मागवली. माणसांवर ओरडून घसा बसला होता. मिस्त्रीने बाल्कनीच्या बीमला ड्रिलने भोक पाडून जाड हूक बसवला, साखळी लावली. बॅग मात्र रिकामीच आली होती.

"रेत मत भरना मैडम, हाथ टूट जाएगा. पुराने कपड़े ठूँसो," तो म्हणाला.

घरात होते नव्हते ते जुने कपडे कोंबले, तरी बॅगेचा वरचा अर्धा भाग लुळाच. माझी चिडचिड चालली असताना आई आतून एक बोचकं घेऊन आली. धुऊन धुऊन मऊ झालेल्या तिच्या सुती साड्या. माझ्या लग्नापासून तिने एकही जुनी साडी बोहारणीला दिली नव्हती. माझ्या बाळाच्या दुपट्यांसाठी जपत होती.

"अगं, या कशाला?" मी खेकसले.

"आता ठेवून काय करू?" म्हणाली, आणि स्वतःच एकेक घडी दाबून भरू लागली.

बॅग टांगली. आईने आत जाऊन दार लोटून घेतलं. मी सगळा जोर काढून ठोसा मारला. मुठीला काहीच लागलं नाही, इतकं मऊ होतं आत.