तिसरी जागा

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी कोरीट गावातल्या माझ्या शेतात होतो. "भाऊ, सर गयात," एवढंच त्या म्हणाल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कशावरून?" असं कोणी विचारतं का? पण वहिनी रागावल्या नाहीत. रडता रडता म्हणाल्या, "त्यास्ना दोस्त शोभतस तुम्ही." त्यांचा नवरा, माझा बालमित्र भास्कर, एरवी अस्सल अहिराणी बोलायचा, 'कशावरून' हा एक शब्द मात्र वर्गातल्या मराठीत विचारायचा. शहाद्याच्या शाळेत त्याने जन्मभर विज्ञान शिकवलं, आणि पुस्तकात छापलंय म्हणून काही खरं मानलं नाही. भाच्याच्या सोयरिकीतही मुलीकडच्यांना त्याचा हाच प्रश्न. लोक त्याला टाळायचे. मीही टाळायचो, पण तो आला नाही की करमायचं नाही.

फार वर्षांपूर्वी माझ्या शेतात बोअर मारायचं ठरलं. आमच्याकडे पाणाड्या तळहातावर आडवा नारळ ठेवून शेत फिरतो. नारळ उभा राहिला की खाली पाणी. त्याने बाभळीजवळची जागा दाखवली. मुलाने शहरातून पाणी शोधणारा यंत्रवाला आणला, त्याने नाल्याकडची. भास्कर दोघांच्याही मागे चोर पकडल्यासारखा फिरत होता. शेवटी त्याने डोळे मिटून एक दगड भिरकावला आणि म्हणाला, हा पडला तिथेही एक मार. मी चिडलो. दोघांना तपासायला ही तिसरी, आंधळी जागा हवीच, असं सांगून तो शांतपणे म्हणाला, "दोन्ही जागास्ले पानी लागनं तर काय कयनं? आपला शिवारमा पानी सगयीकडेच व्हई."

बोअर एकच परवडणार होता. घरच्यांनी नारळाची जागा धरली, पाणी लागलं, पाणाड्याला शाल-टोपी मिळाली. भास्कर पोटभर जेवला, पण मान्य काही केलं नाही. दगडही हलवू दिला नाही. आमचा ट्रॅक्टर त्याला वळसा घालत राहिला. मला मात्र भास्करचाच संशय होता... गड्याने दगड उताराकडे बघून फेकला असणार. विचारलं की म्हणायचा, "मन्हा डोया बंद व्हतात." माझा काही विश्वास बसला नाही.

एकदा तोरणमाळचा घाट चढताना मी त्याला डिवचलं. म्हटलं, त्या साली दगडाखाली पाणी होतं का, हे आता ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. तुझ्या विज्ञानाच्या हद्दीचा बांध तो तिथेच. तो वळणावर दम खायला थांबला. मग म्हणाला, "बांध आठेच शे असं जो सांगस, तो पलीकडे जाई उना का?" मी विचारलं, बरं, इथेच म्हणणारा पलीकडे जाऊन आला नाही, आणि बांध नाहीच म्हणणारा? तो हसला. "तो बी जायेल नही."

शेवटच्या भेटीत तो दवाखान्यात होता. डॉक्टर अवघडून म्हणाले, इथे विज्ञानाने हात टेकले. भास्करने डॉक्टरांसाठी मराठीत विचारलं, "विज्ञानाने, की तुम्ही?" डॉक्टर म्हणाले, "मी." त्याला बरं वाटलेलं दिसलं. डॉक्टरांनी ते त्याचं मन राखायला म्हटलं असावं, असं मला अजून वाटतं.

तो गेला त्याच आठवड्यात बाभळीचा बोअर आटला. मुलाने पुन्हा यंत्रवाल्याला बोलवायचं काढलं. मी म्हटलं, दगडाच्या जागी मार. दगड बाजूला सरकवला, आणि पाणी लागलं... भरपूर लागलं. मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी शेतात गेलो तर दगडाला शेंदूर फासलेला, पुढे नारळ फोडलेला. आता शेजारच्या शिवारातले लोक बोअर मारण्याआधी त्याला कौल लावायला येतात. भास्करच्या दगडाला!

मी रोज रॉकेलच्या फडक्याने शेंदूर पुसतो. परवा बायको म्हणाली, "पानी लागनं ना? मंग तुम्ही पुसतस कशाले?" मी फडकं झटकलं. भास्कर असता तर म्हणाला असता, एका बोअरवरून काय कळतं, चौथी जागा काढ. म्हणून तिची पाठ वळल्यावर मी एक दगड उचलला, डोळे मिटले आणि फेकला.

खरं सांगतो, फेकताना माझा एक डोळा किलकिला उघडला होता.